मुठा पाहायची ती पुलापुलाने: गरवारे कॉलेज ते संगम, एका सकाळचा मार्ग

पुण्यात आलेले पाहुणे मुठा पाहतात ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या क्रमाने. दुपारी बारा वाजता लकडी पुलावर रिक्षा थांबवायची, कठड्यावरून वाकून बघायचं, नाकाला रुमाल लावायचा आणि "हा तर नाला आहे" म्हणून पुढे जायचं. नाहीतर भर जुलैत "पाणी बघायला" म्हणून थेट भिडे पुलावर उतरायचं. पहिल्या प्रकारात नदी दिसतच नाही. दुसऱ्यात जीवावर बेततं.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. मुठेच्या काठाने सलग चालत जाता येईल अशी वाट नाही. मध्येच भिंत येते, मध्येच खासगी आवार, मध्येच काम चालू असल्याचा पत्रा. काठ धरून निघालेली माणसं तिसऱ्या अडथळ्यापाशी कंटाळून परत फिरतात. मुठा पाहायची ती पूल धरून: एका पुलावरून पलीकडे, थोडं चालून दुसऱ्या पुलावरून अलीकडे, असं प्रवाहाच्या दिशेने मुळा-मुठेच्या संगमापर्यंत. अंतर सगळं मिळून चार-साडेचार किलोमीटर, वेळ साडेतीन तास. शेवटचा तुकडा मेट्रोने.

## तयारी १: महिना आणि वेळ

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा सर्वांत चांगला काळ. गणपती विसर्जन उरकलेलं असतं, नवरात्रही बहुतेक वेळा, धरणातून पाणी सोडणं सहसा थांबलेलं असतं, पात्रातले खडक उघडे पडलेले असतात आणि थंडीतले पाहुणे पक्षी आलेले असतात. फेब्रुवारीपासून जलपर्णी पसरायला लागते. मार्च ते मे वास आणि डास दोन्ही जास्त.

उन्हाळ्यात वास का वाढतो तेही समजून घ्या. धरणातलं पाणी पिण्यासाठी आणि कालव्यांसाठी वळवलेलं असतं, त्यामुळे खडकवासल्याच्या खाली पात्रात येतं ते मुख्यतः शहरातल्या नाल्यांचं आणि मैलापाण्याचं पाणी. त्यात भर घालून पातळ करायला वरून काहीच येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात तुम्हाला जे वाहताना दिसतं ते डोंगरातून आलेलं नाही, ते शहराने वापरून सोडलेलं पाणी आहे. हे माहीत असेल तर नदीवर नाक मुरडण्याआधी माणूस थोडा थांबतो.

वेळ सकाळचीच. जानेवारीत पुण्यात सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, ऑक्टोबरात साधारण साडेसहाला. उजाडता उजाडता पहिल्या पुलावर असायला हवं. नऊनंतर पुलांवरची रहदारी इतकी वाढते की कठड्यापाशी उभं राहणंही नको होतं.

टाळायचे दिवस: अनंत चतुर्दशी आणि दुसरा दिवस (पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, घाट आणि पूल बंद असतात), आणि खडकवासला धरणातून विसर्ग, म्हणजे पाणी सोडणं, चालू असलेला कोणताही दिवस.

## तयारी २: विसर्ग तपासणं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं विस्ताराने.

मुठेवर आणि तिच्या उपनद्यांवर, शहराच्या वर चार धरणांची साखळी आहे: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आसपास. त्यातलं शहराला सर्वांत जवळचं खडकवासला मात्र लहान, जेमतेम दोन टीएमसीचं. वरच्या तिघांतून सुटलेलं पाणी त्याच्यातच येतं. ते भरलं की धरून ठेवायला जागा उरत नाही, पाणी खाली सोडावंच लागतं.

त्यामुळे "पुण्यात तर लख्ख ऊन आहे" हा अंदाज कुचकामी आहे. पाऊस पडत असतो घाटमाथ्यावर आणि पूर येतो डेक्कनला. नदीपात्रात गाडी लावून गेलेल्या माणसाची गाडी अशाच कोरड्या दिवशी वाहून जाते.

१. जून ते ऑक्टोबर या काळात जाणार असाल तर आदल्या रात्री आणि निघण्याआधी सकाळी, असं दोनदा तपासा. जलसंपदा विभाग आणि महापालिका विसर्गाचे आकडे जाहीर करतात, मराठी वर्तमानपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर ते लगेच येतात.

२. आकडा क्यूसेकमध्ये असतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे "दहा हजार क्यूसेक" वाचलं की सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटर, असं डोळ्यांसमोर आणा. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग पस्तीस हजारांच्या पुढे गेला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं.

३. नुसता आकडा पाहू नका, तो वाढतोय का ते पाहा. बातमीत "विसर्ग वाढवून अमुक इतका करण्यात येणार आहे" असं असेल तर पात्राजवळचे सगळे टप्पे रद्द. सोडलेलं पाणी शहरात पोचायला थोडा वेळ लागतो. आत्ता पाणी कमी दिसतंय, ते सोडलेलं पाणी अजून वाटेत आहे म्हणून.

४. संगमापर्यंत जाणार असाल तर मुळशी आणि पवना धरणांच्या विसर्गावरही नजर टाका. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते आणि मुळा संगमावर मुठेला. मुळेला पाणी जास्त असेल तर मुठेचं पाणी संगमापाशी अडून फुगतं. खडकवासल्याचा आकडा छोटा असूनही खालचा काठ बुडालेला असतो, तो या फुगवट्यामुळे.

सावध: भिडे पुलाला अडथळे लावलेले दिसले तर ते ओलांडू नका. पाणी पुलाखालून जातंय असं दिसलं तरी नाही. दुचाक्या बाजूने घुसतात, त्यांच्यामागे जाऊ नका.

पावसाळ्यातच यावं लागलं तर हरकत नाही. फक्त तीन जागांवरून पाहा: एस. एम. जोशी पूल, लकडी पूल, शिवाजी पूल. तिन्ही उंच आहेत. घाट, पात्रातला रस्ता आणि भिडे पूल त्या दिवशी तुमच्यासाठी नाहीत.

## तयारी ३: पुलांची नावं

पाटीवरचं नाव एक आणि माणसांच्या तोंडचं दुसरं. पत्ता विचारताना गोंधळ होतो तो इथेच.

लकडी पूल म्हणजे संभाजी पूल. त्यात आज लाकूड नाही, लाकूड शोधत बसू नका. झेड ब्रिज म्हणजे केशवराव जेधे पूल, तो दुचाक्यांचा. नवा पूल म्हणजे छत्रपती शिवाजी पूल, आणि हा "नवा" पूल १९२३ सालचा दगडी पूल आहे. जुन्या पुणेकराला "शिवाजी पूल" विचारलंत तरी तो "नव्या पुलाने जा" म्हणेल, तेव्हा तो दुसरा कुठला पूल सांगतोय असं समजू नका. मनपा म्हणजे महापालिका भवन, त्याच नावाचा बसथांबा आणि मेट्रो स्टेशनही आहे. अलका चौक म्हणजे टिळक चौक.

दिशाही एकदाच पक्की करा. पाणी जिकडे वाहतंय तिकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला पेठा, डाव्या हाताला डेक्कन, जंगली महाराज रस्ता आणि शिवाजीनगर. पुढे सगळीकडे उजवा काठ आणि डावा काठ हे याच अर्थाने.

## तयारी ४: बरोबर काय

- घट्ट पट्ट्याचे किंवा बुटासारखे, खाचांचा तळ असलेले जोडे. सपाट तळाची चप्पल घाटाच्या शेवाळावर हमखास घसरते.
- पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार, डासांसाठी मलम.
- माणशी एक लिटर पाणी. काठावर पिण्याच्या पाण्याची सोय धरून चालू नका.
- साबण किंवा हात धुण्याचं द्रव, थोडे कागद.
- दुर्बीण असेल तर उत्तम, ८ बाय ४० पुरते.
- पायाला उघडी जखम असेल तर ती नीट झाकून घ्या. पात्रातल्या पाण्या-चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि तो अशा जखमेतून सहज शिरतो, तसाच डोळे, नाक, तोंडातूनही.

गाडी आणू नका. सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, परत गाडीपाशी यायचं तर अर्धा दिवस जातो. वनाझ–रामवाडी मेट्रो याच नदीच्या कडेने जाते. सकाळी सहापासून गाड्या असतात.

## टप्पा १: मेट्रोतून ओळख, मग एस. एम. जोशी पूल (२५ मिनिटं)

चालायच्या आधी एकदा गरवारे कॉलेजहून मनपापर्यंत मेट्रोने जा आणि परत या. जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी उभे राहा. पूर्ण मार्ग वरून दिसतो: कुठे पात्र रुंद आहे, कुठे खडक आहेत, कोणता पूल किती खाली आहे. नकाशापेक्षा हे जास्त डोक्यात बसतं.

परत गरवारे स्टेशनला उतरून एस. एम. जोशी पुलावर या. हा पूल नवी पेठेत उतरतो. मधोमध थांबून फक्त पाण्याचा वेग पाहा, बाकी काही नाही. एखादं वाळकं पान किंवा फेसाचा पुंजका धरा आणि तो पुलाखालून यायला किती वेळ घेतो ते बघा. थंडीत तो जवळजवळ रेंगाळतो. झरझर जात असेल तर वरून पाणी सुटलंय.

तपासा: पाण्याचा रंग एकदम लालसर गढूळ झालाय? वेग जास्त आहे? पावसाळा संपला असला तरी टप्पा ३ वगळा आणि लकडी पुलावरून थेट टप्पा ४ ला जा.

## टप्पा २: उजव्या काठाने लकडी पूल (३० मिनिटं)

नवी पेठेतून पूना हॉस्पिटलच्या बाजूने अलका चौकाकडे या. याच भागात, नदीच्या कडेला नानासाहेब पेशव्यांची समाधी आहे. ती रस्त्यावरून सहज दिसत नाही. "समाधी" म्हणून विचारलंत तर लोक वैकुंठ स्मशानभूमीची वाट दाखवतात, म्हणून नानासाहेबांचं नाव घेऊनच विचारा.

लकडी पुलावर चढताना प्रवाहाच्या दिशेचा कठडा पकडा. समोर झेड ब्रिज, डाव्या काठाला मेट्रोचे खांब, खाली काळ्या पाषाणाचं उघडं पात्र. इथे दहा मिनिटं उभे राहा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, पात्रात ओळीने उभे असलेले सिमेंटचे गोल बुरूजासारखे चेंबर. त्यांच्याखालून मैलापाण्याची वाहिनी जाते. त्यांची तोंडं उंच ठेवली आहेत ती पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून. ते फुटलेले असतील तिथे करडा ओघळ नदीत येताना स्पष्ट दिसतो.

दुसरी, काठच्या झाडांच्या फांद्यांना लटकलेल्या चिंध्या आणि पिशव्या. कचरा म्हणून नजर फिरवू नका. त्या जिथे लटकल्या आहेत तिथपर्यंत गेल्या पावसाळ्यात पाणी होतं. एका फांदीवर नजर ठेवून तीच रेषा पलीकडच्या काठापर्यंत मनाने ओढा. मग खाली भिडे पुलाकडे बघा. तो त्या रेषेच्या किती खाली आहे हे दिसलं की "पूल पाण्याखाली" या दरवर्षीच्या बातमीचा अर्थ कळतो.

तिसरी, तुम्ही उभे आहात तो पूल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं तेव्हा याच्याही वरून पाणी गेलं. आत्ता खाली जे दिसतंय आणि ती उंची, यातलं अंतर डोळ्यांनी मोजा.

सावध: लकडी पुलावर पदपथ सोडून फोटोसाठी रस्त्यावर उतरू नका. सकाळीही बस वेगाने येतात.

## टप्पा ३: भिडे पूल, पात्राच्या पातळीवर (४० मिनिटं)

पूल ओलांडून डेक्कनला या आणि तिथून भिडे पुलाकडे उतरा. हा पूल इतका खाली आहे की पाणी जवळजवळ हाताशी येतं. संपूर्ण मार्गावर नदी इतक्या जवळून दुसरीकडे कुठेच भेटत नाही, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नका.

पूल चालू आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे आधी वरूनच पाहून घ्या. बंद असेल तर लकडी पुलावरून परत उजव्या काठाला जा आणि नारायण पेठेतून पुढे निघा.

पुलावर उभं राहायची जागा: कडेला, येणाऱ्या दुचाक्यांकडे तोंड करून. पाठ रस्त्याकडे करून दुर्बीण लावणं ही इथली ठरलेली चूक. दोघं असाल तर एकाने पाहायचं, दुसऱ्याने रस्ता सांभाळायचा.

आता खडकांमधली डबकी बघा. लांब लाल पायांचा, काळ्या-पांढऱ्या अंगाचा पक्षी पाण्यात उभा असेल तर तो शेकाट्या. शेपटी सारखी वरखाली हलवत दगडादगडांवरून पळतो तो धोबी, त्यातले बरेच थंडीचेच पाहुणे. चिखलाच्या रंगाचा, काठाशी पुतळ्यासारखा बसलेला, आणि उडाला की एकदम पांढरे पंख दाखवणारा वंचक. त्याशिवाय टिटवी, गायबगळे, पाणकावळे, कधी खंड्या. सूर्य वर येऊन दगड तापले की यातले बरेच पांगतात.

इथे एक चुकीचा निष्कर्ष पाहुणे हटकून काढतात: "इतके पक्षी आहेत, म्हणजे पाणी बरं असेल." तसं नाही. मैलापाण्यातल्या सेंद्रिय गाळावर किडे आणि अळ्या भरपूर वाढतात, आणि शेकाट्यासारखे पक्षी त्यासाठीच येतात. पाणी उथळ आणि घाण असणं त्यांना चालतं. पक्षी मनापासून बघा, पण पाण्यात हात घालू नका. मुलांना दगडांवरून उड्या मारू देऊ नका. कोरडा दिसणारा गाळ वरून पापुद्र्यासारखा असतो, खाली घोट्यापर्यंत चिखल.

फोटोबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण चूक इथेच कळते. सकाळी डाव्या काठावरून पेठांकडे कॅमेरा धरला तर सूर्य समोरून येतो आणि देवळं, घाट नुसते काळे आकार दिसतात. सकाळी पेठांच्या काठावरून डेक्कनकडे फोटो काढा. पेठांच्या घाटांचे फोटो हवे असतील तर दुपारी चारनंतर डाव्या काठाला पुन्हा यावं लागेल. एकाच फेरीत दोन्ही होत नाही.

तपासा: पुलावरून नारायण पेठेत पोचल्यावर हात धुवा. आपण कशाला हात लावला नाही असं वाटतं, पण कठड्याला लावलेला असतो, आणि पुराचा गाळ त्याच कठड्यावर वाळलेला असतो.

## टप्पा ४: अमृतेश्वर आणि ओंकारेश्वर (५० मिनिटं)

नारायण पेठेतून शनिवार पेठेकडे, नदी डाव्या हाताला ठेवून चला. सलग काठ मिळणार नाही, गल्लीबोळांतून जावं लागेल. नदी दिसेनाशी झाली म्हणून परत फिरू नका, ती एका इमारतीच्या पलीकडेच असते. अमृतेश्वराच्या देवळात डोकावा, मग ओंकारेश्वर.

ओंकारेश्वराला घाई करू नका. जाड दगडी भिंती, समोर नंदी आणि आवारात चिमाजी अप्पांची समाधी. देवळात शिरायच्या आधी एकदा नदीकडच्या बाजूला जा आणि देऊळ पाण्यापासून किती उंचावर बांधलंय ते पाहा. पूर गृहीत धरूनच बांधणाऱ्यांनी काम केलं आहे. आत गाभाऱ्यात फोटो काढू नका. बाहेरही आधी विचारा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. या काठावर सकाळच्या वेळी दहाव्याचे विधी चालू असतात. मुंडण केलेली माणसं, भाताचे पिंड, जरा दूर उभे राहिलेले नातेवाईक, आणि सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे. कावळा पिंडाला शिवेपर्यंत कुणी बोलत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हे "दृश्य" वाटतं आणि कॅमेरा वर जातो. तो वर जाऊ देऊ नका. दुरूनही नाही, लांब पल्ल्याच्या भिंगाने तर नाहीच. पिंड आणि कावळा यांच्या मधून चालू नका, कावळा उडाला तर त्या घराची तासाभराची वाट पुन्हा सुरू होते. पलीकडे जायचंच असेल तर मागून, भिंतीच्या कडेने, न बोलता जा. कुणी डोळ्यांनी थांबायला सांगितलं तर थांबा.

सावध: घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर हिरवट-काळं शेवाळ असतं. पाण्याच्या रेषेपासून वरच्या तीन-चार पायऱ्या धोक्याच्या समजा. तिथे उतरण्याजोगं पाहायलाही काही नाही.

देवळाशेजारून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूला जातो. अर्ध्यापर्यंत जाऊन मागे वळा, ओंकारेश्वर नदीकडून कसं दिसतं ते इथून कळतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना याच पुलावर हत्या झाली. सकाळच्या फेरीला आलेला माणूस इथे क्षणभर थांबतोच, आणि थांबावं.

नाष्टा इथेच करा, आधी नको. शनिवार पेठेत पोहे, उपीट, मिसळ सगळं मिळतं. भरल्या पोटी पात्राच्या वासात चालणं त्रासाचं होतं, आणि मळलेल्या हातांनी खाणं त्याहून. हात पुन्हा धुवा.

## टप्पा ५: शिवाजी पूल (२० मिनिटं)

शनिवार पेठेतून शनिवारवाड्याच्या बाजूने शिवाजी पुलावर या. शनिवारवाडा आत्ता पाहायला घेऊ नका. त्यात तास-दीड तास जातो आणि संगमाला ऊन चढतं. तो दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी.

पुलावरून पलीकडे मनपाला जाताना कमानींचा दगड बघायचा असेल तर शेजारचा जयंतराव टिळक पूल धरा. ज्या पुलावर उभे आहात तो पूल कधीच दिसत नाही, ही साधी गोष्ट विसरून लोक शिवाजी पुलावर उभे राहून शिवाजी पुलाचा फोटो शोधत असतात.

## टप्पा ६: मेट्रोने संगम (४५ मिनिटं)

मनपा ते संगम चालत जाऊ नका. डेंगळे पुलाच्या पुढे काठाला जाण्याची सरळ वाट नाही आणि रस्त्याला रहदारी प्रचंड. मनपा स्टेशनवर रामवाडीकडे जाणारी मेट्रो धरा, जिल्हा न्यायालयाचं स्टेशन सोडा आणि मंगळवार पेठेला उतरा. या दोन स्टेशनांमध्ये गाडी नदी ओलांडते, खिडकीशीच राहा.

मंगळवार पेठेहून आरटीओच्या दिशेने संगम पूल जवळ आहे. पुलावरून प्रवाहाच्या दिशेला पाहा: डावीकडून मुळा येते, आणि मिळाल्यावर पुढे नाव मुळा-मुठा, भीमेला मिळेपर्यंत. सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचा बोट क्लब मुळेच्या काठावर आहे, तो संस्थेचा आहे, आत शिरून होडी मागू नका. एखादा पाऊस होऊन गेला असेल तर दोन प्रवाहांच्या गढूळपणातला फरक काही अंतरापर्यंत वेगळा दिसतो. तो शोधायला किमान दहा मिनिटं द्या, नजर बसावी लागते.

घाटाकडे उतरायचं असेल तर आरटीओजवळ विचारून जा. नदीकाठ विकसनाची कामं संगमवाडी ते बंडगार्डन या पट्ट्यात चालू राहिली आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट या वर्षी पत्र्याआड असू शकते. पत्रा उचलून आत जाऊ नका, आत खणलेला काठ असतो. एकटे असाल, विशेषतः बाई एकटी असेल, तर घाटावर न उतरता पुलावरूनच पाहणं बरं. तिथे सकाळीही वर्दळ कमी असते आणि भटकी कुत्री टोळीने असतात.

## टप्पा ७: बंडगार्डन, पाय दमले नसतील तर

"इतकं सगळं पाहिलं पण भरलेली नदी नाही पाहिली" असं वाटत असेल तर त्याच मेट्रोने बंडगार्डन स्टेशनला जा, तिथून चालत किंवा मीटरने रिक्षा. इथे बंधाऱ्याने पाणी अडवलेलं असतं, म्हणून पात्र बाराही महिने भरलेलं दिसतं. जुना दगडी फिट्झगेराल्ड पूल १८६० च्या दशकातला. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, निवांत उभं राहता येतं.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पांढरा फेस दिसेल. तो बर्फासारखा दिसतो म्हणून मुलं हात लावायला धावतात, आधीच अडवा. घराघरांतलं साबणाचं आणि कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी बंधाऱ्यावरून पडताना घुसळलं जातं, त्याचा तो फेस. वाऱ्याने उडून तोंडावर आला तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा.

## वेळ कमी असेल तर

वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर टप्पा ४ आणि ५ एवढेच करा: रिक्षाने ओंकारेश्वर, शिंदे पुलावर अर्ध्यापर्यंत, तिथून शिवाजी पूल, मनपाहून मेट्रो. दीड तास पुरतो, चढउतार नाही. फक्त एकच तास असेल तर लकडी पूल आणि भिडे पूल, सकाळी साडेसातच्या आत.

बरोबर आणलेलं निर्माल्य, फुलं, जुना फोटो किंवा मूर्ती "नदीत सोडून येऊ" असा विचार असेल तर तो सोडा. पुलांवर निर्माल्य कलश असतात, त्यात टाका, तेही प्लॅस्टिकची पिशवी काढून.

परतल्यावर जोडे घरात नेऊ नका. बाहेरच तळ घासून धुवा, खाचांतला गाळ काडीने काढा आणि उन्हात ठेवा. पायाला ओरखडा उठला असेल तर साबणाने धुऊन जंतुनाशक लावा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांतलं काही झालं तर डॉक्टरांना "नदीपात्रात गेलो होतो" हे स्वतःहून सांगा.